हेतू हिशेबात उतरवावा : कोकणात नफ्याचा उद्योग उभारताना

कोकणात स्वतःचा उद्योग सुरू करू पाहणाऱ्यांमध्ये दोन प्रकारची माणसे नेहमी भेटतात. एकाला गावासाठी काहीतरी करायचे असते आणि नफ्याचा विषय निघाला की त्याला अवघडल्यासारखे होते. दुसऱ्याला आधी पैसा उभा करायचा असतो आणि गावासाठी जे काही करायचे ते जम बसल्यावर पाहू, असे त्याने मनाशी ठरवलेले असते. पहिल्याची पदरमोड दोन-तीन हंगामांत संपते आणि ज्यांच्यासाठी त्याने हे सारे मांडले त्यांनाच सर्वांत आधी त्याची झळ बसते. दुसऱ्याची बाटली दुकानाच्या फळीवर शेजारच्या बाटल्यांसारखीच दिसते, त्यामुळे भाव पाडण्यावाचून त्याच्या हाती काही उरत नाही. पुढे दिलेली पद्धत या दोघांसाठीही आहे आणि तिचे सूत्र एवढेच आहे की, उद्योगाचा हेतू पहिल्या दिवसापासून जमाखर्चाच्या वहीत लिहिला गेला पाहिजे. जो हेतू वहीत सापडत नाही, तो अडचणीच्या पहिल्याच वर्षी सोडून दिला जातो.

उदाहरणासाठी मी कोकमाचा प्रक्रिया उद्योग घेतो, कारण हेतू आणि नफा यांची ओढाताण त्यात फार स्पष्ट दिसते. रत्नागिरीकडे ज्याला रातांबा म्हणतात आणि सिंधुदुर्गात भिरंड म्हणतात, त्या फळाची झाडे बहुतेक ठिकाणी बागांमध्ये नसून बांधावर, परसात आणि डोंगरउतारावर विखुरलेली असतात. फळ एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत पिकते आणि पाऊस लागला की हातचे जाते. 'पावस इलो काय भिरंडां गेली,' असे मालवणी मुलखातील कोणतीही काकी सांगेल. घरातील तरणी माणसे मुंबईला, झाडावर चढायला कोणी नाही आणि वेचलेले फळ न्यायला वाहन नाही, अशा स्थितीत पुष्कळ फळ झाडाखाली कुजून जाते. म्हणजे कच्चा माल आहे, गरज आहे आणि बाजारात मागणीही आहे. मधला दुवा तेवढा तुटलेला आहे. काजू, फणस, श्रीवर्धनची रोठा सुपारी, सुकी मासळी किंवा घरगुती निवासाचा व्यवसाय करणाऱ्यांनी यातील आकडे बदलून घ्यावेत. विचाराचा क्रम तोच राहील.

हेतू असा लिहावा की त्यातून नकार निघेल

'कोकणचा विकास', 'महिलांचे सक्षमीकरण', 'निसर्गाचे रक्षण' हे शब्द उद्घाटनाच्या भाषणात शोभून दिसतात, परंतु सकाळी दारात स्वस्त फळांचा टेम्पो घेऊन उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला काय उत्तर द्यायचे, हे त्यांच्यावरून ठरत नाही. म्हणून हेतू लिहिताना आपण कोणासाठी काम करणार, त्यांच्या आयुष्यात नेमका कोणता बदल होणार, तो बदल मोजायचा कसा आणि त्यापायी आपण काय करणार नाही, या चारही गोष्टी दोन-तीन वाक्यांत आल्या पाहिजेत. नमुन्यादाखल असे लिहिता येईल : 'आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतील वाड्यांमध्ये पावसाआधी जी कोकमे वेचता येतील, ती आम्ही हंगामापूर्वी जाहीर केलेल्या भावाने, त्याच दिवशी रोख पैसे देऊन घेऊ, त्यांपासून कृत्रिम रंग न घालता सरबत, आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) आणि आमसुले तयार करू, आणि किती घरांना किती रक्कम मिळाली, ते दरवर्षी गावासमोर वाचून दाखवू.' एवढ्या मजकुरातून उधारीवर खरेदी, बाहेरून आणलेले फळ गावच्या नावावर खपवणे आणि रंग घालून कमी फळात काम भागवणे, या तिन्ही गोष्टींना आपोआप नकार मिळतो. ज्या हेतूतून एकही नकार निघत नाही, तो अजून पुरेसा नेमका झालेला नाही, असे समजून पुन्हा लिहायला बसावे.

हा मजकूर खोलीत बसून सुचत नाही. फळ वेचणाऱ्या बायकांशी, झाडांच्या मालकांशी आणि आज जो व्यापारी हे फळ घेतो त्याच्याशीही बोलणे आवश्यक आहे. शहरातून परतलेल्या माणसाला बहुधा वाटते की, भाव वाढवून दिला की प्रश्न सुटला. प्रत्यक्षात फळांनी भरलेला हारा डोक्यावर घेऊन उन्हातून घाटी उतरायची आणि पैसे मात्र 'पुढच्या बाजाराला' मिळायचे, ही खरी अडचण असू शकते. अशा वाडीत किलोमागे दोन रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण वजन दारात व्हावे आणि पैसे हातावर पडावेत, अशी अपेक्षा ऐकायला मिळते. तसे असेल तर भाववाढीवर घालायचा पैसा वाहनावर आणि रोख खरेदीवर घालणे शहाणपणाचे ठरते. कोणाचे भले करायचे ते त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नये, हा नीतीचा नियम तर आहेच, शिवाय तो खर्च वाचवणाराही आहे.

हेतू कामाच्या पद्धतीत कसा मुरवावा, याचे महाराष्ट्रातले सर्वांत चांगले उदाहरण श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड हे आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. देणगी घ्यायची नाही, काम करणारी प्रत्येक बाई ही मालक आणि नफातोटा सर्वांचा, ही त्यांची भूमिका होती. तिचा अर्थ रोजच्या व्यवहारात दिसतो : केंद्रावरून मळलेले पीठ घरी न्यायचे, लाटलेले पापड परत आणून द्यायचे, ते तपासून घ्यायचे आणि लाटणावळ चुकती करायची. घर सोडून कारखान्यात जाऊ न शकणाऱ्या बाईला काम मिळावे हा हेतू, पीठ मध्यवर्ती ठिकाणी मळण्यामुळे आणि तपासणीच्या शिस्तीमुळे, चवीत फरक न पडता साधला गेला. आपल्या उद्योगातही हेतू आणि गुणवत्ता ज्या ठिकाणी एकत्र येतात ते ठिकाण शोधावे. कोकमात ते ठिकाण म्हणजे संध्याकाळचा वजनकाटा : त्याच दिवशी वेचलेले, पूर्ण पिकलेले, न दबलेले फळ आले तर रस उत्तम निघतो आणि ते आणणारीला पूर्ण भाव मिळतो.

हेतूचा खर्च वेगळ्या ओळीत लिहावा

आता आकडे मांडू. पुढील सर्व रकमा समजण्यासाठी धरलेल्या आहेत. आपल्या गावच्या प्रत्यक्ष दरांनी त्या बदलून घ्याव्यात आणि वस्तू व सेवा कर आपल्या उत्पादनाला ज्या दराने लागू होईल, तो वेगळा धरावा.

कोकमाच्या सरबताच्या ७०० मिलिलिटरच्या एका बाटलीला साधारण ६०० ग्रॅम फळ आणि ६०० ग्रॅम साखर लागते असे धरू. फळाचा बाजारभाव किलोला २५ रुपये असून आपण ३५ रुपये देण्याचे ठरवले असेल, तर फळाचे २१ रुपये झाले. बाजारभावाने ते १५ रुपयांत मिळाले असते. साखरेचे २७ रुपये, बाटली, झाकण आणि लेबलाचे २२, मजुरीचे १८, आणि इंधन, वीज, तपासणी, जागा यांचा वाटा १२ रुपये, असे मिळून एका बाटलीला १०० रुपये पडतात. या शंभरातले ६ रुपये हा हेतूचा खर्च आहे. तो फळाच्या किमतीत मिसळून टाकू नये. वहीत त्याची स्वतंत्र ओळ असावी. म्हणजे वर्षाला १०,००० बाटल्या विकल्या तर हेतूवर ६०,००० रुपये खर्च झाले, हे दिसत राहते आणि त्या पैशांतून ठरवलेला बदल खरोखर घडला का, असा प्रश्न वर्षअखेरीस विचारता येतो.

बाटलीची छापील किंमत १८० रुपये ठेवली तर ८० रुपये सुटले, असे पहिल्या वर्षी वाटते. प्रत्यक्षात फुटतूट आणि परत येणारा माल यांचे ५ रुपये आणि खेळत्या भांडवलाच्या व्याजाचे ६ रुपये धरावेच लागतात. दारात किंवा रस्त्यालगतच्या स्वतःच्या विक्री केंद्रात गेलेल्या बाटलीमागे ६९ रुपये राहतात. वितरक आणि दुकानदार मिळून ३० टक्के घेत असतील, तर आपल्या हाती १२६ रुपये येतात आणि उरतात अवघे १५. कुरिअरने एक-एक बाटली पुण्या-मुंबईला पाठवायची म्हटली, तर काचेच्या बाटलीचे वजन आणि वेष्टन लक्षात घेता हेही उरत नाहीत. म्हणून सहा बाटल्यांपेक्षा कमी माल पाठवू नये किंवा पाठवणीचा खर्च स्पष्टपणे गिऱ्हाइकाकडून घ्यावा.

शंभर बाटल्यांपैकी ३० थेट आणि ७० दुकानांमार्फत विकल्या, तर एकूण ३,१२० रुपये, म्हणजे बाटलीमागे सरासरी ३१ रुपये २० पैसे उरतात. यातून वर्षाचे ठरावीक खर्च भागवायचे असतात आणि त्यांत सर्वांत आधी मालकाचा पगार धरावा. हा पगार न धरता 'उद्योग फायद्यात आहे' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचा उद्योग त्यांच्याच फुकटच्या श्रमांवर चाललेला असतो आणि घरातून विचारणा झाली की तो बंद पडतो. महिना २०,००० प्रमाणे २,४०,००० रुपये पगार आणि कर्जाचा हप्ता व विमा मिळून ७२,००० रुपये धरले, तर ३,१२,००० रुपये भरून निघायला बरोबर १०,००० बाटल्या विकाव्या लागतात. त्यासाठी ६ टन फळ हवे. हंगाम ४० दिवसांचा धरला तर रोज दीडशे किलो. सगळा माल दुकानांमार्फतच विकायचा ठरवला, तर हाच आकडा २०,८०० बाटल्या आणि साडेबारा टन फळांवर जातो. दोन-तीन गावांतून रोज तीनशेहून अधिक किलो चांगले फळ वेचून होईल का, ते वाड्यांतून फिरून आधीच पाहता येते. होणार नसेल, तर बाहेरचे फळ घेण्याचा मोह तिथेच सुरू होतो आणि लिहिलेला हेतू गुंडाळला जातो. थेट विक्रीचा वाटा वाढवणे हा म्हणूनच केवळ विक्रीचा प्रश्न नाही. आपण किती गावांशी प्रामाणिक राहू शकतो, हे त्यावर ठरते.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दहा हजार बाटल्यांसाठी फळ आणि साखर यांचेच ४ लाख ८० हजार रुपये पावसापूर्वी बाहेर पडतात, मात्र विक्री पुढच्या एप्रिलपर्यंत हळूहळू होत राहते. रोख खरेदी हा हेतूचा भाग असेल, तर हे पैसे हंगामाआधी बँकेने मंजूर केलेल्या कर्जमर्यादेत तयार असले पाहिजेत. बाटल्या आणि लेबले मात्र एकदम घेऊ नयेत. अर्क मोठ्या पिंपांत व्यवस्थित साठवून मागणीप्रमाणे भरावा, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास रक्कम अडकून पडत नाही. काजूच्या कारखानदाराची अडचण याहून मोठी असते, कारण मार्च ते मे या काळात घेतलेल्या बीवर वर्षभर काम चालवायचे असते आणि एक किलो बीतून जेमतेम पाव किलो गर निघतो. त्याने उचल देऊन बी बांधून ठेवण्याऐवजी लहान सुरुवात केलेली बरी.

जादा पैसे कोण देणार

हेतूचे सहा रुपये कोणीतरी द्यायला हवेत आणि ते कोण देणार हे ठरवणे, हा या सगळ्यातला सर्वांत कठीण भाग आहे. ते मालकाने खिशातून द्यायचे असतील तर तो दानधर्म झाला. अनुदानातून द्यायचे असतील तर अनुदान थांबल्यावर थांबतील. ते गिऱ्हाइकाने द्यावेत, अशी रचना टिकते. परंतु गिऱ्हाईक दयेपोटी एकदाच घेते, चवीसाठी पुन्हा येते. म्हणून लेबलावर कष्टकरी महिलांची करुण कहाणी छापण्यापेक्षा, कृत्रिम रंग नसल्यामुळे सरबताचा रंग काळानुसार थोडा बदलतो, हे साध्या शब्दांत सांगावे आणि चव दर हंगामाला सारखी राहील याची काळजी घ्यावी.

सगळ्या गिऱ्हाइकांकडून सारखीच किंमत घ्यायला हवी, असेही नाही. मदुराई येथे १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून, न देऊ शकणाऱ्यांवर मोफत किंवा अल्प खर्चात शस्त्रक्रिया करण्याची पद्धत त्यांनी बसवली. ती चालली, कारण शस्त्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्याला शिस्त लावून त्यांनी मोठ्या संख्येने काम केले आणि १९९२ मध्ये डोळ्यांत बसवायची भिंगे स्वतः तयार करण्यासाठी ऑरोलॅब उभी केली, त्यामुळे खर्च मुळातूनच खाली आला. हेतूला पैसा लागतो आणि तो पैसा दोन बाजूंनी येऊ शकतो : जास्त देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून आणि वाया जाणाऱ्या खर्चातून. कोकमात पहिली बाजू म्हणजे दिवाळीच्या भेटीसाठी घेतला जाणारा काचेच्या बाटल्यांचा संच, आणि गावातल्या दुकानात साध्या वेष्टनात कमी किमतीत मिळणारे आगळ व आमसुले, अशी दुहेरी मांडणी होय. दुसरी बाजू अधिक लक्ष देण्यासारखी आहे, कारण कोकमाच्या फळातले टाकून द्यावे असे जवळजवळ काहीच नसते.

आमसुलाचे काम जवळून पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. फळे धुऊन, निथळून, दोन भागांत कापतात. गर आणि बिया वेगळ्या काढतात. गराच्या रसात मीठ घालतात. साली त्या रसात बुडवून उन्हात पसरतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात घालून पुन्हा वाळवतात, आणि अशी पुटे चढत जातात तशी लालभडक साल काळपट जांभळी आणि लवचीक होते. घाई करून एक-दोन पुटांत काम आटोपले, तर आमसूल कडक राहते आणि आमटीत सोडल्यावर आंबटपणा कमी पडतो. मे अखेरीस हवेत दमटपणा वाढला की बुरशीची भीती असते, म्हणून शेवटच्या पंधरवड्यातले फळ आमसुलाला न ठेवता सरबताकडे आणि आगळाकडे वळवावे आणि शक्य असेल तर सौर वाळवणी यंत्राची सोय करावी. उरलेल्या बिया वाळवून ठेवल्या की पावसाळ्यात, जेव्हा वाडीत हाताला काम नसते, तेव्हा त्या फोडून, कुटून आणि पाण्यात उकळून मुटेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, काढता येते. भेगाळलेल्या टाचांना लावण्यासाठी घराघरांत ते पूर्वीपासून आहेच. आता सौंदर्यप्रसाधने करणारे उद्योगही कोकम तेल विकत घेतात. हंगामी काम आणखी दोन महिने लांबले, बायकांच्या हाती पावसाळ्यात पैसे आले आणि ज्या बियांना पूर्वी किंमत नव्हती त्यांतून हेतूच्या साठ हजारांपैकी काही भाग परत मिळाला, अशी ही जुळणी आहे. असे दुवे शोधण्यावर जेवढा वेळ द्याल तेवढा थोडा आहे.

काही उद्योगांत विकायची वस्तू म्हणजे ती जागाच असते. मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साथीने घरटी राखायला सुरुवात केली, पुढे पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला पर्यटक येऊ लागले आणि गावातील घरांनी त्यांच्या राहण्याजेवणाची व्यवस्था करून उत्पन्न मिळवले. कासव टिकले तरच पाहुणे येणार, हे इथे प्रत्येक घराला कळते. हेतू सांगायला फलक लागत नाही. अशा व्यवसायात मोजकेच पाहुणे घेणे, रात्री किनाऱ्यावर दिवे न लावणे आणि पिल्ले हाताळू न देणे, हे नियम म्हणजे उत्पन्नावर घातलेले बंधन नसून भांडवलाची राखण होय. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गटाने चालवलेली कांदळवनाची सफरही याच जातीची आहे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि विनामूल्य होते. त्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरज नाही. खाद्यपदार्थ करणाऱ्याला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना उलाढालीप्रमाणे घ्यावा लागतो आणि वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. प्रक्रियेचे प्रशिक्षण आणि तांत्रिक सल्ला यांसाठी १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे जावे. 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या कोकमाच्या जाती त्याच विद्यापीठाच्या. नवी लागवड करायची असेल तर कलमेच लावावीत, कारण बियांपासून वाढवलेल्या रोपांत नर झाडे मोठ्या प्रमाणात निघतात आणि ते कळेपर्यंत काही वर्षे गेलेली असतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, तसेच ते २०१८ पासून कोकणच्या हापूसलाही आहे; परंतु ते चिन्ह लेबलावर वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते, केवळ त्या जिल्ह्यात राहून चालत नाही.

उद्योगाचे कायदेशीर रूप ठरवताना हेतू पुन्हा समोर ठेवावा. एकट्याची मालकी सर्वांत सोपी आहे आणि सुरुवातीला पुरते. फळ पुरवणाऱ्यांनाच मालक करायचे असेल, तर किमान दहा उत्पादकांची शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनीला नफा वाटता येत नाही, त्यामुळे ज्याला या उद्योगातून संसारही चालवायचा आहे, त्याने प्रतिष्ठेसाठी तो मार्ग धरू नये.

अनुदानाबद्दल एवढेच सांगणे आवश्यक आहे की, त्याच्यावर यंत्र घ्यावे, हेतू उभारू नये. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले गेले. अशी रक्कम कर्जखात्याशी बांधलेली असते, फळ विकत घ्यायला ती हाती येत नाही. ताकापुरते रामायण गाणारे सल्लागार प्रकल्प अहवाल फुगवून देतात आणि मग गरजेपेक्षा मोठे यंत्र दहा महिने धूळ खात पडते. हप्ता मात्र बाराही महिने द्यावा लागतो.

वाईट वर्षासाठी आधीच ठरवून ठेवायच्या गोष्टी

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर आणि दापोलीच्या बाजूच्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या केल्या, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ ऐन हंगामात किनाऱ्यावरून गेले. असे वर्ष पुन्हा येणार हे धरूनच चालावे लागते. त्या वर्षी फळ निम्मे येईल, विक्री तुटेल, आणि हेतूची ओळ खोडून टाकण्याचा विचार साहजिकच मनात येईल. म्हणून चांगल्या वर्षीच लेखी ठरवावे की, तंगी आल्यास काय आधी कमी होणार. माझ्या मते क्रम असा असावा : आधी मालकाचा नफा, मग जाहिरात आणि प्रवास, त्यानंतर नवीन उत्पादने, आणि जाहीर केलेला भाव व रोख चुकारा अगदी शेवटी. मालकाचा पगार मात्र पूर्ण बंद करू नये, निम्म्यावर आणावा. उपाशी मालक चुकीचे निर्णय घेतो. दर चांगल्या वर्षी नफ्यातला चौथा हिस्सा बाजूला ठेवला, तर दोन-तीन वर्षांत एका पडत्या हंगामाची खरेदी करता येईल इतकी गंगाजळी जमते. इमारत, यंत्रे आणि साठवलेला माल यांचा विमा हंगाम सुरू होण्याआधी उतरवावा आणि त्यात वादळ व पूर यांचा समावेश आहे की नाही, ते स्वतः वाचून पाहावे.

मोठी मागणी हेही एक प्रकारचे संकटच असते, आणि त्याची तयारी फार थोडे लोक करतात. एखादी शहरी दुकानांची साखळी एकदम पाच हजार बाटल्या मागते, नव्वद दिवसांनी पैसे देऊ म्हणते आणि स्वतःच्या नावाचे लेबल लावायला सांगते. अशा वेळी वर मांडलेला बाटलीचा हिशेब काढून बसावे. पंधरा रुपये नऊवर येत असतील, नव्वद दिवसांच्या उधारीमुळे पुढच्या हंगामाची रोख खरेदी अडणार असेल आणि आपले नाव गिऱ्हाइकाला कळणार नसेल, तर नकार द्यावा किंवा पाचशे बाटल्या आगाऊ पैशांवर द्याव्यात. उलट तीच मागणी वेळेवर पैसे आणि आपल्या नावासह आली, तर ती घेण्यात कसलाही कमीपणा नाही. वाढ ही हेतूची शत्रू नव्हे, आणि ज्या गावातून आज साठ घरे फळ देतात तिथे दीडशे घरांनी दिले तर ते चांगलेच आहे.

वर्षातून एकदा, फळांचा हंगाम आणि अर्क साठवण्याची गडबड संपल्यावर, तीन आकडे गावासमोर मांडावेत : किती घरांकडून किती फळ घेतले, त्यांना एकूण किती रक्कम रोख दिली, आणि उद्योगाला नफा किती झाला. नफ्याचा आकडा लपवू नये. तो सांगितला की सुरुवातीला कुजबुज होते, 'आमच्या फळांवर एवढे मिळवले' असेही ऐकावे लागते. परंतु साखर, बाटल्या, व्याज आणि फुटतूट यांचे आकडे त्याच कागदावर असले, तर पुढच्या वर्षी तीच माणसे भाव ठरवताना समजूतदारपणे बोलतात आणि चांगले फळ वेगळे काढून आणतात. ही बैठक गणपतीत घ्यावी, कारण तेव्हा चाकरमानी घरी असतात आणि झाडांची मालकी पुष्कळदा त्यांच्याच नावावर असते. नव्या हंगामाचा भाव मात्र शिमग्यापूर्वी जाहीर करावा. कोणत्या झाडांची कोकमे उतरवायची आणि त्यासाठी माणूस कोठून आणायचा, हे घरोघरी त्या आठवड्यात ठरते.